नक्षीची करवत घेताना

पालकसभेत हल्ली विचारतात, "सर, मूल मोबाइल सोडून लाकडी नक्षीकाम करू म्हणतंय, विजेवरची करवत आणू का?" लगेच नको. आधी कमानीची हातकरवत द्या. पात्याचे दाते मुठीकडे हवेत आणि पाते इतके ताणलेले, की बोटाने छेडले तर किणकिणेल. सैल पाते वाकडे जाते आणि तुटते.

४ मिलिमीटरचा प्लाय पुरे. सुताराकडे उरलेले तुकडे मागा. एमडीएफ मात्र आपल्या वसई-विरारच्या पावसाळ्यात फुगतो. धूळ कुठल्याही लाकडाची असो, तोंडावर मास्क हवाच.

दारावर लावायला उर्दूत 'खालिद' कापाल, तर हाती तीन तुकडे येतात : 'खा', 'लिद' आणि 'खे'चा नुक्ता. तिन्ही मागच्या फळीवर चिकटवायचे. नुक्ता हरवला, तर येणारा-जाणारा 'हालिद' वाचेल! 'स्वाद'ची पोकळी कापायला आधी गिरमिटाने भोक पाडून त्यातून पाते ओवावे लागते.

काम झाले की पाते सैल करा, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खाडीच्या दमट हवेत उघडे लोखंड टिकत नाही. सुटी पाती घट्ट झाकणाच्या डब्यात, धाकट्यांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा.