अद्भुताची सबब

'गेम ऑफ थ्रोन्स' ही एचबीओ वाहिनीवरील मालिका १७ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली आणि आठ पर्वे व ७३ भाग झाल्यावर १९ मे २०१९ रोजी संपली. संपली असे म्हणणे हा उपचार. वस्तुतः ती उरकण्यात आली. शेवटच्या भागाच्या रात्री अमेरिकेत १ कोटी ९३ लाख प्रेक्षकांनी ती पाहिली. भारतात त्या वेळी सोमवारची सकाळ होती, आणि साडेसहाला हॉटस्टार लावून बसणारांत साहित्याचे विद्यार्थीही होते. या प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी त्यानंतर जो संताप व्यक्त केला, त्याची आज थट्टाच अधिक होते. हट्टी चाहत्यांचा आक्रस्ताळेपणा, एवढ्यावर प्रकरण मिटवले जाते. आमचे म्हणणे असे की तो संताप मुळात एक वाङ्मयीन आक्षेप होता, आणि वाङ्मय शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी त्याची बाजू घ्यायला हवी होती.

आक्षेप घेणारांना गप्प करण्यासाठी तीन उत्तरे दिली गेली. पहिले : ज्या कथेत ड्रॅगन उडतात आणि मेलेली माणसे चालतात, तीत तर्क कसला शोधता? दुसरे : तुम्हाला हवा तो शेवट झाला नाही, म्हणून तुम्ही रुसलात. तिसरे : मूळ कादंबऱ्याच संपल्या, तेव्हा लेखकांनी करायचे काय? तिन्ही उत्तरे पोकळ आहेत. त्यांतले पहिले सर्वांत घातक, कारण एका मालिकेचा बचाव करताना ते एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला बेजबाबदारपणाचा परवाना देऊन टाकते.

अद्भुताला नियम नसतात, हा समज अद्भुत नीट न वाचलेल्यांचा आहे. वास्तववादी कादंबरीकाराला निम्मे नियम जगच आयते पुरवते. अद्भुतकथाकाराला ते स्वतः घडवावे लागतात, आणि म्हणूनच अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात. अशक्य आणि असंगत यांत फरक आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त रसभंगाचे कारण म्हणून अनौचित्याकडे बोट दाखवले, अशक्यतेकडे नव्हे. समुद्र उल्लंघून जाणारा वानर आपल्याला खटकत नाही. तोच वानर पुढे एखाद्या ओढ्याकाठी पलीकडे जाता येईना म्हणून बसून राहिला, तर मात्र खटकेल. प्रेक्षकांची तक्रार या दुसऱ्या जातीची होती.

या मालिकेने आरंभी कोणते नियम घालून दिले होते ते आठवून पाहावे. पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात नेड स्टार्कचा शिरच्छेद होतो. नायक म्हणून ज्याच्याकडे पाहत होतो तोच गेला, हा धक्का मोठाच. पण त्या धक्क्याला कारणे होती. सर्सीचे गुपित कळल्यावर नेडने तिच्या मुलांच्या दयेपोटी तिला आधी सावध केले. त्याच्या सद्गुणानेच त्याचा घात केला. त्याच भागात त्याचा मुलगा रॉब सैन्यासह एका नदीपाशी अडतो. पूल वाल्डर फ्रेच्या ताब्यात. उतरू देण्याच्या बदल्यात फ्रेच्या मुलीशी विवाहाचे वचन द्यावे लागते. पुढे रॉब दुसऱ्याच मुलीशी लग्न करतो, आणि तिसऱ्या पर्वात, २०१३ साली, त्या मोडलेल्या वचनाची किंमत त्याची आई, त्याची गर्भवती पत्नी आणि तो स्वतः एका विवाहसमारंभात मोजतात. एक नदी, एक पूल, एक वचन. तो प्रसंग पाहून हळहळलेला प्रेक्षक 'हे असे का झाले?' असे विचारीत नव्हता. का झाले ते त्याला पुरते ठाऊक होते.

अंतर हीदेखील त्या जगात खरी गोष्ट होती. राजरस्त्यावरच्या एका खानावळीत केटलिन आणि टिरियन यांची गाठ पडते, ती त्याला कैद करते, आणि युद्धाची ठिणगी पडते. माणसांना प्रवासाला दिवस लागतात, वाटेत मुक्काम करावे लागतात, म्हणून ती भेट शक्य झाली. खुद्द ड्रॅगनसुद्धा फुकटचे नव्हते. चौथ्या पर्वाच्या अखेरीस एक गरीब बाप आपल्या तीन वर्षांच्या मुलीची जळलेली हाडे डेनेरिसपुढे आणून ठेवतो, आणि ती, ज्यांना आपली मुले म्हणते त्या ड्रॅगनांपैकी दोघांना स्वतःच्या हाताने तळघरात साखळदंड घालते. अद्भुताला हिशेब असतो, हे या मालिकेनेच आम्हाला शिकवले.

आता सातवे पर्व पाहावे. त्याच्या सहाव्या भागात उत्तरेच्या भिंतीपलीकडे काही वीर गोठलेल्या तळ्यात वेढले जातात. त्यांच्यातला एक धावत भिंतीपर्यंत पोहोचतो, तेथून कावळा दूर दक्षिणेस ड्रॅगनस्टोनला निरोप नेतो, आणि डेनेरिस ड्रॅगनवर बसून इतक्या त्वरेने येते की वेढलेले वीर अजून त्या खडकावरच उभे! पहिल्या पर्वात जे अंतर कथा घडवीत होते, ते आता कथेच्या आड येऊ लागले आणि पुसून टाकले गेले. 'ड्रॅगन चालतो, मग वेग का नाही?' असे विचारणारास आम्ही एवढेच म्हणू : ड्रॅगन तुम्ही पहिल्या पर्वात आम्हाला दाखवलात, हा वेग मात्र अडचण आली त्या दिवशी खिशातून काढलात.

आठव्या पर्वात ही सवय स्वभाव झाली. ८२ मिनिटांच्या 'द लाँग नाइट' या भागात आरंभीच घोडदळ काळोखात अदृश्य शत्रूवर सोडले जाते, कारण मावळणाऱ्या ज्वालांचे दृश्य विलक्षण दिसते. प्रेतांचा ढीग ज्यांच्यावर कोसळतो ती ओळखीची पात्रे पुढच्या दृश्यात पुन्हा लढताना दिसतात. ज्या मालिकेने 'कोणीही मरू शकतो' ही दहशत कमावली होती, तिच्यात आता कोण मरणार नाही हे आधीच कळू लागले. पुढच्याच भागात डेनेरिसचा एक ड्रॅगन समुद्रावरील आरमाराच्या बाणांनी अचानक मारला जातो; आकाशातून उडणाऱ्या राणीला खालची जहाजे दिसलीच नाहीत. ती त्या आरमाराला जणू विसरली होती, असे स्पष्टीकरण निर्माते-लेखक डेव्हिड बेनिऑफ यांनी स्वतःच दिले. पात्राने विसरावे अशी व्यवस्था लेखकाने केली असेल, तर ते विसरणे आम्हाला संहितेत दिसले पाहिजे. ते संहितेबाहेर सांगावे लागले, याचा अर्थ विसर लेखकांनाच पडला होता.

सर्वाधिक वाद झाला तो पाचव्या भागावर. शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतर डेनेरिस किंग्ज लँडिंग हे शहर माणसांसह जाळते. येथे दुसऱ्या उत्तराचा परामर्श घेणे प्राप्त आहे. शेवट गोड हवा होता, म्हणून लोक चिडले, असे म्हणणारांनी नेडचा मृत्यू आणि ते रक्तलांच्छित लग्न आठवावे. या प्रेक्षकाने कडू घोट आनंदाने गिळले होते. मुक्तिदात्रीची संहारिणी व्हावी, ही कल्पना तर थोर आहे. शोकात्मिकेला साजेल अशी आहे. तिची बीजे आधी पेरली होती, असे बचावकर्ते सांगतात, आणि ते खरेही आहे. तिने मालकवर्गातील १६३ जणांना खिळ्यांनी ठोकले, शरण न येणाऱ्या बापलेकांना जाळले. पण ती क्रूरता दरवेळी अपराध्यावर किंवा शत्रूवर होती, आणि तिला कारण होते. एका मुलीच्या हाडांपुढे जिने आपल्या ड्रॅगनांना साखळदंड घातले, तीच हजारो मुलांवर आग ओकण्यापर्यंत कशी पोहोचते, ती वाट लिहायला हवी होती. लेखकांनी बी दाखवले, फळ दाखवले. मधले झाड काही उगवले नाही. आणि घंटा थांबल्यावर ती एकदा उडाली की उरलेल्या भागात कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे परतत नाही. शोकात्मिकेच्या नायिकेला तिच्या सर्वोच्च अपराधाच्या क्षणी चेहरा नसावा, यापेक्षा मोठी कबुली कोणती?

जेमी लॅनिस्टरची कथा तर याहून केविलवाणी. तिसऱ्या पर्वात स्नानगृहातील प्रसंगात तो ब्रिएनला सांगतो की वेड्या राजाचा वध त्याने केला तो सारे शहर जाळण्याचा त्याचा हुकूम थांबवण्यासाठी. एका वाक्यासरशी 'राजहंता' हे दूषण उलटे फिरते. तोच जेमी शेवटच्या पर्वात भावाला म्हणतो की शहरातल्या लोकांची, निरपराध असोत वा नसोत, आपल्याला कधी फारशी पर्वा नव्हती. माणूस बहिणीच्या मोहापायी पुन्हा घसरू शकतो, घसरावाही. पण ही घसरण नव्हे; आधी लिहिलेले पान फाडून टाकणे आहे.

तिसरे उत्तर उरले. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालेतील पहिली कादंबरी १९९६ साली आली, पाचवी २०११ साली; मालिका संपेपर्यंत सहावी आलेली नव्हती. पायाखालची शिडी गेली, हे खरे. परंतु पहिल्या पर्वात रॉबर्ट आणि सर्सी आपल्या मोडक्या संसाराविषयी एकमेकांशी शांतपणे बोलतात तो प्रसंग कादंबरीत नाही. दुसऱ्या पर्वात आर्या ही टायविनची प्यालेवाहक होते आणि सिंहाच्या गुहेत त्या दोघांची अविस्मरणीय संभाषणे रंगतात, हेही कादंबरीत नाही. तेथे त्या काळात ती रूझ बोल्टनची चाकरी करते. म्हणजे याच लेखकांना स्वतःच्या बळावर उत्तम लिहिता येत होते. उलट पाचव्या पर्वातील डॉर्नच्या कथानकासाठी कादंबरीचा आधार हाताशी होता, आणि त्याची त्यांनी माती केली. पुस्तक नसताना चांगले लिहिले, पुस्तक असताना वाईट लिहिले. मग दोष पुस्तकाचा कसा? नाचता येईना तर अंगण वाकडे म्हणावे, पण येथे नाचता येत होते. नाचायचा कंटाळा आला होता.

हा कंटाळा आकड्यांतही दिसतो. पहिली सहा पर्वे प्रत्येकी दहा भागांची. सातवे सात, आठवे सहा. वाहिनी अधिक भागांना तयार होती, हे प्रसिद्ध आहे. कमी भागांचा निर्णय निर्माते-लेखकांचा. मराठी प्रेक्षकाला या रोगाचा उलटा प्रकार परिचयाचा आहे. आपल्याकडच्या दैनंदिन मालिका पाणी घालून वाढवल्या जातात. कथा संपते, भाग संपत नाहीत. तेथे भाग संपले, कथा शिल्लक राहिली. वरवर विरुद्ध दिसणाऱ्या या दोन्ही व्याधींचे मूळ एकच : लांबी कथेच्या गरजेने न ठरता इतर कुणाच्या तरी सोयीने ठरते.

येथे चाहत्यांशीही आमचा मतभेद नोंदवतो. शेवटचे पर्व सक्षम लेखकांकडून पुन्हा करून घ्यावे, अशा मागणीच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. ही मागणी आम्हाला मान्य नाही. कलाकृती बहुमताने दुरुस्त होत नाही, आणि मतदानाने लिहिलेला शेवट घाईने लिहिलेल्या शेवटाहून बरा असेल असे मानण्यास आधार नाही. वाचकाचा हक्क लेखनावर नसतो, निवाड्यावर असतो. मात्र हा दुसरा हक्क पुरता आहे. तो पुरस्कारांनी हिरावला जात नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेसह १२ एमी पुरस्कार मिळाले. अभिनय, संगीत, छायाचित्रण, वेशभूषा यांत शेकडो माणसांनी जीव ओतला होता, त्यांचे श्रेय त्यांना द्यावे. मंडप उत्तम सजला, एवढ्यावरून लग्न नीट लागले असे ठरत नाही.

शेवटच्या भागात बेड्या घातलेला टिरियन जमलेल्या सरदारांना सांगतो की माणसांना एकत्र बांधते ती कथा, आणि ब्रॅनइतकी चांगली कथा कोणाची? म्हणून ब्रॅन राजा होतो. ज्या ब्रॅनची कथा सर्वांत चांगली, तो पाचव्या पर्वात एकदाही दिसत नाही. तेवढे वर्षभर लेखकांना त्याच्या कथेची गरज वाटली नव्हती. कथेचे माहात्म्य गाणारे ते भाषण कथेचे काम न करता केले गेले, आणि म्हणून राज्याभिषेक होऊनही प्रेक्षकाच्या मनात तो राजा कधी झालाच नाही.

आमच्या अध्यापक मित्रांना आमचे सांगणे एवढेच. कार्यकारणभाव, पात्राचा विकास, औचित्य, सूचन आणि सिद्धी यांतील भेद, हे सारे तुम्ही वर्गात शिकवता तेव्हा विद्यार्थी टिपणे घेतात. २०१९ च्या त्या सहा आठवड्यांत तेच विद्यार्थी ही परिभाषा न वापरता हेच प्रश्न तावातावाने विचारीत होते, आणि 'मनोरंजन आहे, सोडून द्या' म्हणून त्यांना परत पाठवले गेले. त्यांना परत बोलवा. 'द बेल्स' हा भाग आणि नेडच्या शिरच्छेदाचा भाग शेजारी-शेजारी ठेवा, आणि एकात कारणे कोठे आहेत व दुसऱ्यात ती कोठे हवी होती, हे त्यांनाच शोधू द्या.