यात्रेची शिदोरी आणि पाण्याचा हिशेब

कार्तिकातील अष्टाह्निका पर्व संपले की आपल्या घरांतून सम्मेदशिखरजीच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. तिकिटे, धर्मशाळेतील खोल्या, सोबतीला कोण कोण, हे ठरते न ठरते तोच स्वयंपाकघरातून दशम्यांचा आणि चिवड्याचा दरवळ येऊ लागतो. वाटेत बाहेरचे काही खावयाचे नाही हा नेम आपण निष्ठेने पाळतो, आणि आरोग्याच्या दृष्टीनेही तो हिताचाच आहे. तरीही निरनिराळ्या संघांबरोबर प्रवास करताना एक गोष्ट माझ्या वारंवार लक्षात आली. बाहेरच्या अन्नाला स्पर्शही न करणारी मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटावर हात ठेवून बसलेली दिसतात. कुणास मलावरोध, कुणास आंबट ढेकर, कुणाचे डोके चढलेले. घरचे शुद्ध अन्न खाऊनही असे का व्हावे?

याचे उत्तर डब्यातच आहे. पुऱ्या, दशम्या, खाखरे, शेव, चकली, लसणाविना केलेले भडंग, बेसनाचे लाडू, अशी आपली शिदोरी असते. हे पदार्थ टिकतात, कारण त्यांत पाण्याचा अंश कमी असतो. ओलावा आणि उष्णता यांनी अन्न लवकर बिघडते, हे आपल्या पूर्वजांनी नेमके ओळखले होते. म्हणूनच पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवसांची सांगितली आहे. परंतु जे टिकाऊ तेच पचनाला अनुकूल, असे समीकरण नाही. घरी आपल्या ताटात आमटी, भाजी, काकडी, ताक असते. त्यांतून शरीराला न मागता पाणी मिळते आणि चोथाही मिळतो. प्रवासात हे सारे एकदम बंद होते. त्यात मध्येच अष्टमी किंवा चतुर्दशी आली तर हिरव्या भाजीचा प्रश्नच उरत नाही. मागे राहते ते तेल, मीठ आणि कोरडे पीठ. मोठे आतडे मळातील पाणी शोषून घेण्याचे काम अखंड करीत असते. पाणी कमी आणि मुक्काम लांबलेला, अशी गाठ पडली की मळ घट्ट होणारच.

पाणी कमी पिण्यामागचे कारण मात्र क्वचितच बोलून दाखविले जाते, विशेषतः घरातील स्त्रियांकडून. रेल्वेतील शौचालयात जावे लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडून पारसनाथ स्थानक गाठेपर्यंत दीड-दोन दिवस जातात. आमच्या संघातील एका वहिनींनी, वय ६२, एवढ्या प्रवासात दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले पाणी घेतले होते. मधुबनला पोहोचल्यावर पोट जड आहे म्हणून त्या सायंकाळी नीट जेवल्याही नाहीत. पहाटे तीन वाजता सर्वांबरोबर त्यांनी पहाड चढावयास आरंभ केला आणि गंधर्व नाल्याच्या अलीकडेच त्यांना भोवळ आली. डोली करून त्यांना खाली आणावे लागले. खाली आल्यावर डॉक्टरांनी तपासून सांगितले की, शरीरातील पाणी कमी झाले आहे, दुसरे काही नाही. आयुष्यभर मनात धरलेली वंदना अशा रीतीने राहून गेली, याचे दुःख त्यांना आजाराहून अधिक झाले. संघ काढणाऱ्यांनी स्त्रियांना पाण्याचा नुसता आग्रह करून भागत नाही. डब्यातील शौचालय दिवसातून दोनदा स्वच्छ करून घेणे, सोबत साबण, कागद आणि एक चांगली बादली ठेवणे, रात्री कुणीतरी दारापर्यंत सोबत जाणे, एवढी व्यवस्था केली तर पाणी आपोआप प्यायले जाते.

आपण पुरेसे पाणी पीत आहोत की नाही, हे ओळखण्याचा एक सोपा मार्ग आहे. बँकेत रोज सायंकाळी रोख जुळविल्यावाचून तिजोरी बंद होत नसे. तशी दिवसातून एकदा लघवीच्या रंगाकडे नजर टाकावी. रंग फिकट पिवळा असेल तर हिशेब बरोबर, गडद असेल तर तूट आहे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी अर्थात तेच पाळावे.

मलावरोधाचे दुसरे कारण म्हणजे वेग अडवून धरणे. सकाळी उठल्यावर काही प्यायले वा खाल्ले की मोठ्या आतड्याला चालना मिळते; ही निसर्गाची योजना आहे. त्या वेळी शौचालयापुढे रांग आहे, किंवा स्थानक जवळ आले आहे, म्हणून वेग दाबला की तो निघून जातो आणि पुन्हा लवकर येत नाही. असे दोन दिवस झाले की तिसऱ्या दिवशी औषधाची आठवण होते. यासाठी प्रवासातही नेहमीच्या वेळेच्या अर्धा तास आधी उठावे आणि नवकारशीची वेळ होताच कोमट पाणी घ्यावे. गाडी थांबेल तेथे फलाटावर चार पावले चालावे. बर्थवर दिवसभर पडून राहिल्याने आतडीही मंदावतात.

आता सूर्यास्ताविषयी. रात्रीभोजनाचा त्याग असणाऱ्यांना प्रवासात एक मोठा लाभ आहे. झोपताना त्यांचे पोट बऱ्याच अंशी रिकामे झालेले असते, त्यामुळे आडवे होताच घशाशी आंबट येण्याचा त्रास कमी होतो. मात्र शिखरजी आपल्या गावांहून बरेच पूर्वेला आहे, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. डिसेंबरात कोल्हापूरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर मधुबनला पाचच्या सुमारास. सहाच्या हिशेबाने बसलेली मंडळी मग शेवटच्या दहा मिनिटांत घाईघाईने जेवतात आणि पाणी तर घोटभरच घेतात. ज्यांचा चौविहार आहे त्यांना पुढे दुसऱ्या दिवशीच पाणी मिळणार, आणि मधल्या काळात पहाड चढावयाचा. नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतरण, अशी ही २७ किलोमीटरांची वाट आहे. त्यामुळे आदल्या दिवशी दुपारपासूनच थोडे थोडे करून पाणी पोटात जावयास हवे. एकदम तांब्याभर पिऊन ते साधत नाही. त्या दिवशीचे भोजन वरण-भात, फुलके, दुधीची भाजी असे साधे असावे आणि साडेचारच्या आत आटोपावे. भोजनशाळेतील मिष्टान्न वंदना झाल्यावरही मिळते.

मधुमेहाच्या रुग्णांनी येथे विशेष सावध राहावे. रिकाम्या पोटी इतका चढ आणि वर नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन, यांमुळे रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. औषध कोणत्या वेळी आणि किती घ्यावे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. तो कागद सोबतच्या दुसऱ्या व्यक्तीपाशीही असावा.

पाणी गाळून पिण्याच्या आपल्या प्रथेला आधुनिक संशोधनाचाही दुजोरा मिळाला आहे. बांगलादेशातील खेड्यांत रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ विदुषी आणि त्यांचे सहकारी यांनी जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून त्यांतून पाणी गाळावयास लावले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तेथे कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात, हे त्याचे कारण. पण यावरून गाळणे पुरेसे आहे असे समजू नये. सुटे जंतू कापडातून सहज पार होतात. पाण्याला पूर्ण उकळी आणून ती निदान एक मिनिट राहू दिली तरच ते नष्ट होतात. आपले प्रासुक जल या कसोटीस उतरते. मात्र ते धुतलेल्या, झाकणाच्या भांड्यातच ठेवावे आणि त्यात हात बुडवू नये.

इतके जपूनही कुणास जुलाब लागलेच, तर पहिले काम जुलाब थांबविण्याचे नसून गेलेले पाणी व क्षार भरून काढण्याचे आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याने हाहाकार माजला होता आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण रुग्णांना तोंडाने पाजले आणि मृत्यूचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. पुढे २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. औषधाच्या दुकानातील ओआरएसची चार पाकिटे प्रत्येक कुटुंबाने जवळ ठेवावीत. ती नसतील तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे द्यावे. मीठ हात सैल सोडून घालू नये. मळात रक्त, अंगात ताप, सतत उलटी, किंवा सहा-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपचार थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

मलावरोधावर इसबगोल आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. जिरे, बडीशेप आणि इसबगोल यांचा उंझ्याचा बाजार तर आपल्यापैकी अनेकांच्या व्यवहारातला. इसबगोलाची भुसी पाणी धरून ठेवते, म्हणून तिचा उपयोग होतो. मात्र ती मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर न घेतल्यास उलट अडथळा करते. त्यापेक्षा शिदोरीच बदलावी, हे मला अधिक बरे वाटते. सोलापूरकडील ज्वारीची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते. तिच्यासोबत जवसाची चटणी, भाजलेले फुटाणे, भिजविलेल्या मनुका, केळी, मोसंबी असावीत. अंजीर बहुतेक घरांत वर्ज्य असल्याने ते मी मुद्दाम सुचवीत नाही. तळणीचा डबा एकच असावा आणि तो मुलांच्या हाताला सहज लागू नये.

हे सारे यात्रेपुरतेच नाही. सुरतेला किंवा अहमदाबादेला खरेदीसाठी रात्रीच्या बसने जाणाऱ्या आपल्या तरुण व्यापाऱ्यांचे हाल याहून वेगळे नसतात. दहा-बारा तास बसून प्रवास, सकाळी उतरताच रिकाम्या पोटी चहा, मग प्रत्येक पेढीवर आग्रहाचा आणखी अर्धा कप, आणि दुपारी तीनला जेवण. अशा दिवशी पित्त झाले नाही तरच नवल. पहिल्या चहापूर्वी एक केळे किंवा दोन खाखरे खावेत, आणि तिसऱ्या पेढीपासून चहाऐवजी साधे गरम पाणी मागावे. समोरचा व्यापारीही बहुधा दिवसभर चहा पिऊन कंटाळलेला असतो. तो स्वतःसाठीही एक पेला मागवितो, असा माझा अनुभव आहे.