देशीपणाचा दाखला

परभाषेत लिहिणारा लेखक आपल्या भूमीला पारखा होतो, हे समीकरण देशीवादाच्या नावाखाली मराठी समीक्षेत सर्रास वापरले जाते. ते तपासण्याची गरज आहे. द्रिस श्राइबी या मोरोक्कन कादंबरीकाराने १९५४ साली ‘ल पासे सँप्ल’ फ्रेंचमध्ये लिहिली. पित्याच्या धर्माधिष्ठित सत्तेविरुद्ध मुलाने केलेले बंड हा तिचा विषय. राष्ट्रवाद्यांनी लेखकाला द्रोही ठरवले. १९५७ साली त्याने कादंबरी जाहीरपणे नाकारली, पुढे त्या नकाराचाच पश्चात्ताप केला. मोरोक्कोत तिच्यावरील बंदी १९७७ पर्यंत टिकली. जी कृती भूमीला स्पर्शच करत नाही, तिच्यावर बंदी घालण्याची गरज कोणाला भासेल?

हाच निकष खानदेशाला लावून पाहावा. धुळ्याकडे घरात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली. लेखन मात्र बहुधा प्रमाण मराठीत. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातला, पण त्याचे निवेदन गावच्या बोलीत नाही. म्हणून ‘कोसला’ परकी ठरते काय? प्रमाण मराठी ही वसाहतीची भाषा नव्हे, हे मान्यच. तरीही भाषिक अधिकाराची उतरंड दोन्हीकडे आहे, आणि ती नाकारणारा देशीवाद अहिराणीभाषक विद्यार्थ्याला घरातच परका करतो.

देशीपण भाषेच्या नावावरून ठरत नाही. हाती आलेल्या भाषेला लेखक आपल्या समाजाविषयी काय बोलायला लावतो, यावरून ते ठरते. समीक्षेने दाखले वाटणे थांबवून हे वाचावे.