सुप्याला खते का जळाली?



परीक्षा जवळ आली की घरोघरी एक वाक्य कानावर येते. "गणित कर, सायन्स कर. इतिहासाचं काय, आदल्या रात्री वाचलास तरी चालतंय!" मी शेतकीचा पदवीधर. शाळेत असताना माझीही समजूत अशीच होती. इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पोते. परीक्षेपुरते पाठीवर घ्यावे आणि निकाल लागला की खाली टाकावे. ही समजूत किती महागात पडते, ते आज सांगायचे आहे.

माध्यमिक शाळेत आधुनिक इतिहास शिकताना मुलांना 'दख्खनचे दंगे' हे शब्द भेटतात. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गाव, आज ते बारामती तालुक्यात आहे. त्या दिवशी बाजारपेठेत शेतकरी जमले, सावकारांच्या घरांत शिरले आणि त्यांनी खते जाळली. येथे खत म्हणजे शेतात टाकायचे खत नव्हे, कर्जाचा रोखा. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गावांत पसरले. बहुतेक मुले एवढे पाठ करून पान उलटतात.

पण पिवळे पान पाहून आपण लगेच फवारा घेऊन धावतो काय? आधी मूळ उकरून पाहतो. इतिहासही तसाच शिकावा. सालापाशी थांबून "का?" असे विचारावे आणि उत्तर मिळाले की पुन्हा "का?" विचारावे.

खते का जळाली? कर्ज फिटत नव्हते. का फिटत नव्हते? येथून पुस्तक आपल्याला थेट अमेरिकेत नेते. तेथे १८६१ साली यादवी युद्ध पेटले. तेथून विलायतेच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला. गिरणीवाले मुंबईकडे वळले. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार बोलावून बोलावून कर्ज देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला, आपला भाव कोसळला. कर्ज मात्र जागच्या जागी उभे राहिले.

त्याच सुमारास सरकारच्या जमीन-पाहणीची तीस वर्षांची मुदत संपत आली होती. इंदापूर तालुक्यापासून नवी आकारणी सुरू झाली आणि पुष्कळ ठिकाणी सारा दीडपट किंवा त्याहून अधिक झाला. भरीला १८५९ चा मुदतीचा कायदा. रोख्याची मुदत तीन वर्षे. कायदा केला कुळाच्या भल्यासाठी. पण सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. अक्षरशत्रू कुळाने अंगठा उठवला की संपले. पुढे कोर्ट त्या कागदालाच मानी. म्हणून सुप्याच्या लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. न वाचता आलेला कागद त्यांनी जाळला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यावरच्या आकड्यामागे मूळ व्यवहार काय होता, ते तपासण्याची वाट कोर्टाला खुली झाली.

मुलांना आणखी एक सवय लावावी. एकाच घटनेची जबानी तिघांकडून घ्यावी: कुळाकडून, सावकाराकडून आणि सरकारकडून. सरकारी अहवालात दोष बहुतांशी सावकाराच्या पदरात पडला, वाढलेल्या साऱ्याचा भार सरकारने फारसा मानला नाही. अहवाल कोणी लिहिला, हे विचारल्याशिवाय ही गोष्ट लक्षात येत नाही. एका जातीवर राग धरून धडा मिटवला तर सारा, कायदा आणि बाजार हे तिन्ही नजरेतून निसटतात.

आता माझी चूक सांगतो. २०२२ साली कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला. मी गावोगाव बैठका घेतल्या. लागवडीचे अंतर सांगितले, बोंडअळी सांगितली. चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढू नका, हे काही सांगितले नाही. पुढच्या हंगामात भाव उतरला. ट्रॅक्टर हप्त्याने घेतलेला एक शेतकरी माझ्यासमोर बसून म्हणाला, "साहेब, एवढं तरी सांगायचं होतं." मी खाली मान घातली. त्याच्या मुलीच्या दप्तरातील पुस्तक मी वाचले असते तर सांगितले असते.

म्हणून या रविवारी एवढे करा. मुलांना घेऊन घरातील कागदांची पेटी उघडा. सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून रुपये-पैशांत जो आकडा असतो, तो दाखवा. त्याची मुळे त्या जुन्या पाहणीत आहेत. जुने फेरफार असतील तर कोणत्या साली जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, ते मुलांनाच वाचू द्या. आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारायला लावा आणि ते वहीत लिहून घ्या. मूळ कागद मात्र शाळेत पाठवू नका, झेरॉक्स द्या.

मग मुलांना म्हणावे, दख्खनच्या दंग्यांवर उत्तर लिही. अमेरिकेपासून सुप्यापर्यंतची वाट ते न अडखळता लिहितील. गुण मिळतीलच. पण उद्या कोणी त्यांच्यापुढे कागद सरकवून "येथे सही करा" म्हणाला, तर ते आधी तो वाचून पाहतील. मला त्याचे मोल गुणांपेक्षा अधिक वाटते.