संगणकाचा प्रोसेसर : स्वस्त घ्यावा की महाग?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. विंडोज ११ जुन्या संगणकांवर रीतसर चालत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे इमानेइतबारे बिले काढणारा पेढीवरचा संगणक बदलावा काय, हा प्रश्न लहानमोठ्या अनेक व्यापारी बंधूंपुढे उभा राहिला आहे. संगणकाच्या दुकानात गेले की विक्रेता पहिला सवाल करतो, "प्रोसेसर कोणता टाकू?" येथेच आपला माणूस गोंधळतो. सुताचा काउंट बोटांनी ओळखणारा व्यापारी आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-नाइन ही नावे ऐकून गप्प बसतो. मग तो दोनपैकी एक गोष्ट करतो. "एकदाच घ्यायचे तर भारी घेऊ" म्हणून सर्वांत महाग उचलतो, नाहीतर "बिलेच तर काढायची आहेत" म्हणून मिळेल तो स्वस्त माल घरी आणतो. दोन्हींत पैसा वाया जाण्याचा संभव आहे.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. प्रोसेसरचे नाव आणि भाव विचारण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कामात माणूस किंवा मशीन संगणकापुढे किती वेळ हात बांधून थांबते, हे मोजावे. थांबणे जास्त असेल तर महाग प्रोसेसर आपली किंमत फेडतो. थांबणे नसेल तर तो निव्वळ फजूल खर्च आहे.

दोन टोकांमधला फरक

उदाहरणासाठी इंटेल कंपनीच्या एकाच पिढीतले दोन प्रोसेसर घेऊ. कोअर आय-नाइन १४९००के हा ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, तर कोअर आय-थ्री १४१०० हा जानेवारी २०२४ मध्ये. बाजारात येतेवेळी कंपनीने पहिल्याची शिफारस किंमत ५८९ डॉलर ठेवली होती आणि दुसऱ्याची १३४ डॉलर. म्हणजे एकाच्या पैशात दुसरे चार येतात आणि वर पैसे उरतात. आपल्याकडचे रुपयातले भाव रोज हलतात, पण अंतर साधारण याच प्रकारचे असते.

या चौपटीहून जास्त पैशात काय मिळते? आय-थ्रीत ४ कोर आहेत, आय-नाइनमध्ये २४. त्या २४ पैकी ८ मोठे आणि १६ लहान आहेत. कमाल वेग मात्र आय-थ्रीचा ४.७ गिगाहर्ट्झ आणि आय-नाइनचा ६ गिगाहर्ट्झ. वेग सव्वापटीहून थोडा जास्त, किंमत चौपटीहून जास्त. महाग प्रोसेसरचा बहुतेक पैसा वेगासाठी नव्हे, कोरच्या संख्येसाठी जातो.

कोर म्हणजे काय, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला समजावणे कठीण नाही. कोर म्हणजे कारखान्यातला एक माग. चोवीस माग असले तर चोवीस भीम एका वेळी चालतील. पण हातात एकाच भीमाची ऑर्डर असेल तर ती एकाच मागावर विणली जाईल, बाकीचे तेवीस उभे राहतील. एका भीमाचा ताणा तोडून चोवीस मागांवर वाटता येत नाही. संगणकाची काही कामे अशी असतात की त्यांचे तुकडे करून ती अनेक कोरांवर वाटता येतात. काही कामे एकामागून एकच करावी लागतात. बिल बनवणे, पावती फाडणे, खातेवही पाहणे ही दुसऱ्या प्रकारची कामे आहेत.

पेढीवरच्या कामाचा हिशोब

समजा एका पेढीवर रोज १०० बिले निघतात. बिल नोंदवल्यावर ते जतन व्हायला स्वस्त प्रोसेसरवर दोन सेकंद लागतात आणि महागावर दीड. रोजची बचत झाली ५० सेकंदांची. महिन्याचे २५ दिवस धरले तरी २१ मिनिटे भरत नाहीत. मुनीम एक कप चहा प्यायला जातो तेवढ्या वेळासाठी चौपट पैसे मोजावेत काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जीएसटीचे विवरणपत्र भरताना, विशेषतः महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास, पोर्टल अडते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. काही विक्रेते या तक्रारीचा फायदा घेऊन महाग प्रोसेसर गळ्यात मारतात. वाचकांनी लक्षात ठेवावे की पोर्टलचे काम सरकारी बाजूच्या यंत्रांवर चालते. तिकडे गर्दी झाली तर इकडे आय-नाइन बसवून रांग पुढे सरकत नाही.

मग जुना संगणक इतका रेंगाळतो का? पुष्कळ वेळा त्याचे कारण प्रोसेसर नसून फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आणि अपुरी रॅम हे असते. प्रोसेसर हा थान मोजणारा कारीगर समजा. रॅम म्हणजे गादीजवळची मांडणी आणि डिस्क म्हणजे गोदाम. मांडणी लहान आणि गोदाम दोन गल्ल्या पलीकडे असेल तर कारीगर कितीही चपळ असला तरी तो माल येण्याची वाट पाहत बसणार. म्हणून प्रोसेसरवर वाचलेला पैसा आधी एसएसडीवर आणि रॅमवर घालावा. आज विंडोज ११ साठी ८ जीबी रॅम ही किमान समजावी, १६ जीबी असेल तर काम सुखाने चालते. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर भडकल्या, कारण एआयच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढली. अशा वेळी नको त्या कोरांवर पैसा उधळून रॅममध्ये काटकसर करणे हा उलटा व्यवहार आहे.

महाग प्रोसेसर कोणी घ्यावा

याचा अर्थ महाग प्रोसेसर कोणाच्याच कामाचा नाही, असा नव्हे. डिजिटल प्रिंटिंग करणाऱ्या बंधूंचे उदाहरण घ्या. डिझाइनची भली मोठी फाइल छपाईयंत्राला समजेल अशा रूपात बदलावी लागते. हे काम तुकड्यांत वाटता येण्याजोगे असते, त्यामुळे जास्त कोर आणि जास्त रॅम यांचा खरा उपयोग होतो. समजा रोज २० फाइली निघतात, साध्या प्रोसेसरवर एकीला सहा मिनिटे लागतात आणि भारी प्रोसेसरवर तीन. रोजचा एक तास वाचला, महिन्याचे २५ तास. त्या वेळात लाखोंचे मशीन आणि पगारी कारीगर उभे राहत असतील तर महाग प्रोसेसर काही महिन्यांत आपली किंमत वसूल करून देईल. तेथे कंजूषी करणे म्हणजेच नुकसान.

परंतु येथेही मोजल्याशिवाय निर्णय घेऊ नये. पुढची फाइल तयार होत असताना मागची छापली जात असेल किंवा फाइली रात्रीच लावून ठेवता येत असतील, तर मशीन थांबतच नाही. मग घाई कशासाठी?

भरतकामाची डिझाइने बनवणारे, साड्यांचे फोटो-व्हिडिओ तयार करून व्हॉट्सअॅपवर गिऱ्हाइकांना पाठवणारे, लग्नपत्रिका आणि कॅटलॉग छापणारे असे पुष्कळ बंधू या दोन टोकांच्या मध्ये येतात. त्यांनी मधली वाट धरावी. इंटेलचा आय-फाइव्ह किंवा एएमडीचा रायझन फाइव्ह या दर्जाचा प्रोसेसर अशा कामाला बहुधा पुरतो. आपल्याच कामाची फाइल पेनड्राइव्हवर न्यावी आणि विक्रेत्याच्या दुकानात चालवून पाहावी. कापड हातात घेतल्याशिवाय आपण सौदा करत नाही, मग संगणकाचा का करावा?

स्वस्तात काय काढून घेतले आहे?

स्वस्त वस्तू घेताना तिच्यातून काय काढले आहे हे विचारणे हा व्यापाराचा जुना नियम आहे. १९९८ च्या एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्यात प्रोसेसरजवळची दुसऱ्या पातळीची स्मृती, जिला कॅशे म्हणतात, ती ठेवलीच नव्हती. कागदावर वेग २६६ मेगाहर्ट्झ होता, पण काम मंद चाले आणि टीका झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. त्यात १२८ केबी कॅशे घातली होती आणि तो महागड्या पेंटियम टूच्या बरोबरीने चालू लागला. नाव एकच, चार महिन्यांचे अंतर, आणि एक माल निकस तर दुसरा अस्सल.

आजही सावध राहावे अशा दोन जागा आहेत. पहिली, "आय-सेव्हन आहे, स्वस्तात देतो" असे सांगून विकले जाणारे जुने संगणक. नुसत्या आय-सेव्हन या नावाला अर्थ नाही, पिढी विचारा. २०१२ चा आय-सेव्हन ३७७० हा ४ कोरचा आहे. २०२२ चा आय-थ्री १२१०० हाही ४ कोरचाच आहे, पण वेगाने त्याच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय तो २०१२ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. यादी ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. सोबत टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्थाही लागते. दुसरी जागा म्हणजे इंटेलच्या नावाच्या शेवटी असलेले ‘एफ’ अक्षर. हे असले तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, पण वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही.

महाग म्हणजे टिकाऊ काय?

भारी प्रोसेसर घेणाऱ्यांची सर्वांत मोठी दलील अशी की तो जास्त वर्षे चालेल. ही दलील वजनदार वाटते, म्हणून तिचा कस लावून पाहू. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलने आय-सेव्हन ७७००के हा त्या वेळचा अव्वल प्रोसेसर आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आय-थ्री ८१०० आला. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या जवळपास तिप्पट होती. २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा आय-थ्री ८१०० यादीत बसला आणि आय-सेव्हन ७७००के बाहेर राहिला. मायक्रोसॉफ्टने रेघ ओढली ती पिढी पाहून, किंमत पाहून नव्हे. ज्याने भविष्यासाठी म्हणून तिप्पट पैसे मोजले त्याचे भविष्य आधी संपले.

दुसरी गोष्ट. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत प्रमाणाबाहेर व्होल्टेजमुळे बिघाड होत आहे. कंपनीने दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. या तक्रारी प्रामुख्याने वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांबद्दल होत्या. असा प्रोसेसर घेतला असेल तर विक्रेत्याकडून बायोस अद्ययावत करून घ्यावे.

तिसरी गोष्ट उष्णतेची. आय-नाइन १४९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत वीज घेतो, आय-थ्री १४१०० जास्तीत जास्त ११०. आय-नाइनसोबत डब्यात पंखाही येत नाही, तो भारी प्रतीचा वेगळा घ्यावा लागतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या गावांत हवेत कापसाचे तंतू उडत असतात. ते पंख्यात अडकले की प्रोसेसर तापतो आणि तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणजे मोजलेले पैसे धुळीत गेले. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार झेलतो. त्यावर असा संगणक आणि ग्राफिक्स कार्ड जोरात चालले तर वीज जाताच तोही बसेल.

खरेदीपूर्वी एवढे करावे

एक आठवडा वही घेऊन बसावे आणि संगणकापुढे कोण, कोणत्या कामासाठी, किती मिनिटे थांबले ते लिहावे. प्रोसेसरचा दर्जा त्या वहीवरून ठरवावा. स्वस्त घ्यायचा तर चालू किंवा मागच्या एक-दोन पिढ्यांतलाच घ्यावा. पुढे वाढवता येईल असा मदरबोर्ड निवडावा. एएमडीने आपल्या एएम-फाइव्ह सॉकेटला २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे आज साधा प्रोसेसर बसवून गरज पडल्यास नंतर त्याच बोर्डवर मोठा घालण्याची सोय राहते. जीएसटी क्रमांक घातलेले पक्के बिल मागावे. कंपोझिशन योजनेत नसलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला धंद्याच्या संगणकावर भरलेला १८ टक्के कर वजा करून मिळतो. कच्च्या बिलावर तो बुडतो.

आणि महाग संगणक केवळ हप्त्यावर मिळतो म्हणून व्याज डोक्यावर घेऊ नये. ज्या वस्तूची कामाला गरजच नाही, तिच्यासाठी व्याज भरणे हा दुहेरी तोटा आहे. उरलेल्या पैशातून एक चांगला यूपीएस आणि खात्यांची रोजची प्रत ठेवण्यासाठी एक बाहेरची डिस्क घ्यावी. प्रोसेसर बिघडला तर बाजारात दुसरा मिळतो. उधारीची खाती गेली तर ती कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.