समजून घ्या : शिकवलेली माणसे सोडून गेली, तरी बांगलादेशची कापड निर्यात कशी वाढली?

मॉलमधल्या परदेशी ब्रँडच्या शर्टाचे लेबल पाहा. अनेकदा त्यावर ‘मेड इन बांगलादेश’ लिहिलेले असते. या देशाच्या निर्यात उत्पन्नात तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. कापूस मात्र जवळपास सगळा बाहेरून येतो. मग हे जमले कसे?

सुरुवात कशी झाली?
१९७४ च्या मल्टी-फायबर करारामुळे श्रीमंत देशांत जाणाऱ्या कोरियन कपड्यांवर कोटा आला. बांगलादेशवर तेव्हा कोटा नव्हता. म्हणून कोरियाच्या देवू कंपनीने १९७८ मध्ये नुरुल कादेर खान यांच्या चितगावमधील ‘देश गारमेंट्स’शी करार केला. १९७९ मध्ये या कंपनीचे १३० कर्मचारी सहा महिने बुसानच्या कारखान्यात शिकायला गेले.

ते काय शिकले?
फक्त शिवणकाम नव्हे. कारखाना चालवणे, दर्जा सांभाळणे, परदेशात माल विकणे हेही. याच काळात तिथे ‘बॅक-टू-बॅक लेटर ऑफ क्रेडिट’ची पद्धत रुजली. परदेशी ग्राहकाच्या ऑर्डरच्या हमीवर बँक कापड आयातीची सोय करते. त्यामुळे कमी भांडवलातही कारखाना सुरू करता येतो.

मग माणसे गेली कुठे?
पुढच्या काही वर्षांत १३० पैकी ११५ जणांनी कंपनी सोडली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा सांभाळला. त्यांच्यासोबत कामाची पद्धत देशभर पसरली. तरीही मूळ कंपनी बुडाली नाही. १९८० मध्ये तिची विक्री सुमारे ५५ हजार डॉलर होती, ती १९८७ पर्यंत ५० लाख डॉलरच्या पुढे गेली.

यातून काय दिसते?
मशीन विकत मिळते. ठरलेल्या दर्जाचा माल ठरलेल्या तारखेला जहाजावर चढवण्याची हातोटी मात्र शिकावी लागते आणि ती माणसांत असते. एकाच सुपरवायझरच्या डोक्यात ती राहिली, तर त्याच्या राजीनाम्यासोबत ऑर्डरही जाते. ‘सोडून जातील’ या भीतीने शिकवणेच टाळले, तर ऑर्डर मुळात येतच नाही.

आता पणाला काय आहे?
संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०२१ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, बांगलादेशने अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्यासाठी नोव्हेंबर २०२६ ही मुदत ठरली. त्यानंतर शुल्कमाफीच्या सवलती टप्प्याटप्प्याने कमी होतील. कोट्याने दिलेली संधी २००५ मध्ये कोटापद्धत संपताच गेली, पण शिकलेले काम टिकले. सवलतींशिवाय टिकायचे, तर शर्टाच्या पुढचे काहीतरी पुन्हा शिकावे लागेल.