पुरावा वाचायला कोण शिकणार?

अलीकडे बऱ्याच मुली न्यायसहायक विज्ञानाच्या अभ्यासक्रमांची चौकशी करतात. रक्त, वीर्य, लाळ, केस यांची तपासणी शिकवणारे जीवशास्त्र आणि सांगाड्यावरून वय, लिंग, उंची ठरवायला शिकवणारे मानवशास्त्र, हे त्यातले दोन महत्त्वाचे विषय. घरून पहिला प्रश्न येतो, ‘मुलीच्या जातीला हाडं नि मढी कशाला?’ आम्ही उलट विचारतो : ज्या पुराव्यावर बाईच्या शब्दाची किंमत ठरवली जाते, तो वाचायला बाईने का शिकू नये?

मात्र मैत्रिणींनो, बाई प्रयोगशाळेत पोचली की काम संपले, असे नाही. तिथे तिला काय शिकवले जाते, हेही आपल्याला पाहावे लागेल.

मथुरा खटला आठवा. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातली घटना. डॉक्टरांनी त्या आदिवासी मुलीचे वय 14 ते 16 सांगितले. तिच्या कपड्यांवर वीर्याचे डाग मिळाले. पण त्याच अहवालात, अंगावर जखमा नाहीत, योनिपटल पूर्वीच फाटलेले आहे, दोन बोटे सहज जातात, असेही लिहिले होते. सत्र न्यायालयाने तिला ‘शरीरसंबंधांची सवय असलेली’ ठरवले. उच्च न्यायालयाने आरोपींना दोषी धरले. पण 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने जखमा नाहीत म्हणजे विरोध नव्हता, असे मानून त्यांना सोडले. जे डाग होते त्यांपेक्षा ज्या जखमा नव्हत्या त्यांनाच वजन मिळाले. यात दोष सूक्ष्मदर्शकाचा नव्हता. बाईच्या चारित्र्याबद्दलचा जुना समज वैद्यकशास्त्राचा अंगरखा घालून न्यायालयात उभा राहिला होता.

पुढे चळवळ उभी राहिली, 1983 साली कायदा बदलला. तरी दोन बोटांची चाचणी पाठ्यपुस्तकांत आणि दवाखान्यांत टिकून राहिली. तिने बाईच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितले. 2022 साली पुन्हा सांगावे लागले, की तिला शास्त्रीय आधार नाही, ती करणे हे गैरवर्तन आहे आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून ती काढून टाका. म्हणजे लढाई शेवटी येऊन ठेपली ती वर्गातच!

शास्त्र शिकलेली बाई या समजांना कसे उत्तर देऊ शकते, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये युजेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि त्यांच्या मोजमापांतून गुरूंच्या वंशसिद्धान्ताला आधार मिळाला नाही, तेव्हा तसे प्रबंधात लिहिले.

दुसरे उदाहरण अर्जेंटिनाचे. 1976 ते 1983 या लष्करी राजवटीत हजारो माणसे बेपत्ता झाली, कैदेत जन्मलेली बाळे दुसऱ्यांना वाटली गेली. 1977 साली त्यांच्या आज्या एकत्र आल्या. आईबाप जिवंत नसताना आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का, हा प्रश्न त्या शास्त्रज्ञांकडे घेऊन गेल्या. मेरी-क्लेअर किंग या संशोधिकेने त्यांना साथ दिली. डी.एन.ए.चा एक भाग फक्त आईकडूनच मुलांकडे येतो. त्यामुळे आईची आई आणि नातवंड यांचा धागा जुळतो. आजवर 130हून अधिक नातवंडे सापडली आहेत. 1984 साली क्लाइड स्नो यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना सांगाडे उकरायला आणि वाचायला शिकवले. सरकारी तज्ज्ञांवर घरच्यांचा विश्वास नव्हता, या मुलामुलींवर बसला. प्रश्न आज्यांनी विचारला, म्हणून शास्त्र त्या दिशेला गेले!

आपल्याकडे 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद तिच्यात आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. बलात्कार आणि हुंडाबळी दोन्ही यात येतात. प्रशिक्षित माणसे लागणार, हे उघड आहे. ती कोण असतील आणि कोणते समज बरोबर घेऊन येतील, हे आताच ठरते आहे.

म्हणून संघटनांना आमचे सांगणे आहे. वस्तीतल्या, गावातल्या मुलींना या शिक्षणाची माहिती द्या. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीसाठी त्यांच्याबरोबर उभ्या राहा. जवळच्या महाविद्यालयात जाऊन अभ्यासक्रम मागून वाचा. जखम नसणे म्हणजे संमती नव्हे, हाडांवरून काढलेल्या वयात दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, हे तिथे शिकवतात का, ते विचारा. विद्यार्थिनींना आपल्या समुपदेशन केंद्रात बोलवा. नमुन्याच्या बाटलीवरच्या क्रमांकामागे एक बाई निकालाची वाट पाहत बसलेली असते, हे त्यांना तिथेच कळेल.